अठरा, वीस, अठरा

"श्वास मोजणे. आधार आढळला नाही. वाया गेलेला वेळ, एक मिनिट."

सकाळच्या पाळीत हे वाक्य अकराव्यांदा कानात वाजलं, तेव्हा प्रणिता गुल्हाने सिस्टरनी कानातलं बारकं यंत्र उपटून खिशात कोंबलं. थोड्या वेळाने खिसाच बोलायला लागला. "कर्णयंत्र काढले. आधार आढळला नाही." नऊ नंबरच्या खाटेवरचे देविदास इंगळे खो खो हसले आणि हसता हसता पोटाचे टाके धरून कण्हले.

"सिस्टर, हे तुमची सासू हाय का?"

"सासू परवडली असती काका. ती दुपारी झोपायची तरी."

वॉर्डातल्या सगळ्या मुली त्या यंत्रणेला सासूबाईच म्हणत. सरकारी नाव 'प्रमाणक'. दवाखाना वऱ्हाडातल्या एका जिल्ह्याच्या गावचा. पण गावाचं नाव सांगून उपयोग नाही, कारण २०४६ साली राज्यातले सगळेच सरकारी दवाखाने सारखेच वैतागलेले होते. नर्सने केलेलं प्रत्येक काम प्रमाणक बघायचा. त्या कामामागे संशोधनाचा पुरावा असेल तर हिरवी खूण, नसेल तर करडी. करड्या खुणा शंभरावर गेल्या की खुलासा द्यायचा.

कल्पना वाईट नव्हती, हे प्रणिताही कबूल करायची. पूर्वी निम्मं नर्सिंग 'आमच्या वेळेपासून असंच आहे' एवढ्याच कारणावर चालायचं. जखमेवर काय वाट्टेल ते फासत, गाढ झोपलेल्या माणसाला उठवून झोप लागली का विचारत. प्रमाणकाने ते सगळं झाडून काढलं. पडून पडून होणाऱ्या जखमा निम्म्यावर आल्या. पण झाडता झाडता त्याने श्वासही झाडून टाकला, आणि तिथे प्रणिताचं डोकं फिरलं.

रुग्णाच्या छातीवर रुपयाएवढा बिल्ला चिकटवलेला असे. तो नाडी, ताप, रक्तदाब आणि रक्तातला ऑक्सिजन क्षणोक्षणी कळवी. श्वास मोजणारी तार त्याच्या पहिल्या नमुन्यात होती. तीन वर्षांपूर्वी, बिल्ले वॉर्डात येण्याआधीच, ती काढून टाकली, कारण प्रमाणकाने राज्यभरच्या सरकारी दवाखान्यांतल्या अकरा लाख जुन्या नोंदी तपासून निकाल दिला होता की श्वासाच्या आकड्यावरून रुग्णाचं पुढे काय होणार हे काडीचंही कळत नाही.

प्रणिताचा हात देविदासरावांच्या मनगटावर होता आणि डोळे त्यांच्या छातीवर. श्वास मोजायचा तो असाच, नाडी बघतोय असं दाखवून. मोजताहेत हे कळलं की माणूस शहाण्यासारखा श्वास घ्यायला लागतो. गणवेशाला पिनेने अडकवलेल्या घड्याळाचा काटा पूर्ण फिरला. अठ्ठावीस. काल बावीस होते आणि परवा सतरा.

"धाप लागते का काका?"

"नाई जी. जेवाले मन नाई होत, एवढंच." मग ते मिस्कीलपणे म्हणाले, "तुमी नाडी नाई पाहून राहिल्या. मी तीस वर्सं यष्टीत कंडक्टर होतो. मले मोजनारं मानूस कळते. सीटा मोजल्याबिगर घंटी नाई मारली कधी."

अडकलेल्या हर्नियाचं ऑपरेशन होऊन त्यांना तिसरा दिवस होता. आतड्याचा वीतभर तुकडा कापून दोन टोकं जोडलेली. प्रणिताने डॉक्टर निशांतना बोलावून घेतलं. पोरगा कामसू होता, लगेच आला. त्याने पडदा बघितला. चारही आकडे हिरवे.

"अठ्ठावीस कुणी मोजले सिस्टर?"

"मी."

"कशाने?"

"डोळ्यांनी. देवाने दोन दिलेत."

निशांतने पोट दाबून बघितलं, पोट जरासं ताठ वाटलं. त्याने सोनोग्राफी लिहायला घेतली. पडद्याने ती घेतली नाही. निकष पूर्ण नाहीत. त्याने पुन्हा लिहिली, पडद्याने पुन्हा परत केली. "संध्याकाळी परत बघतो," असं म्हणून तो खाली मान घालून निघून गेला. प्रणिता खाटेपाशी उभी राहून दात खात होती.

शरीर गोष्टी लपवण्यात पटाईत असतं. आत कुठे पू धरला, रक्तात आम्ल वाढलं, की मेंदूतलं श्वासाचं केंद्र सगळ्यात आधी सावध होतं आणि भाता जोरात चालवायला लागतं. त्या धापेच्या जिवावर ऑक्सिजनचा आकडा छान दिसत राहतो. भाता थकला की मग तासाभरात सगळं कोसळतं. बिल्ला लाल होतो तो तेव्हा.

देविदासरावांचा बिल्ला दुपारी साडेतीनला लाल झाला. जोड सुटला होता. पुन्हा ऑपरेशन झालं, पोटातून वाटीभर पू निघाला, आणि म्हातारा अतिदक्षता विभागात नळ्यांच्या जाळ्यात पडला. जगेल की नाही हे कुणी सांगेना. प्रमाणकाचा अहवाल मात्र पाच मिनिटांत तयार होता. त्यात लिहिलं होतं, 'पूर्वलक्षणे: नव्हती.'

"नव्हती?" प्रणिता पडद्यावर ओरडली. "मी काय सकाळपासून इथे फुगडी खेळत होते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशीला आली ती ईश्वरी तायडे, दवाखान्याची पुरावा अधिकारी. बारा वर्षांपूर्वी ही पोर नर्सिंगला होती तेव्हा प्रणिता तिथे शिकवायला जायची. पूर्ण मिनिट श्वास मोजायला तिनेच ईश्वरीला शिकवलं होतं, अर्ध्या मिनिटाची दुप्पट केली म्हणून एकदा वर्गाबाहेरही काढलं होतं. पुढे ईश्वरीने पीएच.डी. केली. प्रबंधाच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'गुल्हाने मॅडमना.' तो प्रबंध प्रणिताने कौतुकाने कपाटात ठेवला होता, वाचला नव्हता. त्यातले तक्ते बघूनच तिला जांभई आली होती.

"मॅडम, तुम्ही चिडू नका."

"चिडू नको तर काय करू, आरती ओवाळू? माणूस मरता मरता वाचला, अजून वाचला असंही म्हणता येत नाही. तुझी सासूबाई म्हणते लक्षणं नव्हती."

"मला तुमचं पटतं. पण एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही. नमुना एकचा आहे. तुम्हीच शिकवलंय, आपल्याला वाटतं म्हणजे खरं असं नसतं."

स्वतःचंच वाक्य तोंडावर येऊन आदळलं की दुप्पट राग येतो. "दाखव तो अकरा लाखांचा पुरावा," प्रणिता म्हणाली. "बघू तरी काय दिवे लावलेत."

नोंदींच्या खोलीत ईश्वरीने मोठ्या पडद्यावर जुने तक्ते उघडले. हाताने लिहिलेले, पिवळट कागदांचे फोटो. नाडी, ताप, रक्तदाब, श्वास. नाडीचे आकडे वरखाली होत होते, तापाचे होत होते. श्वासाच्या रकान्यात अठरा, वीस, अठरा, अठरा, वीस.

"हे बघा. हे सगळे पुढे गेलेले रुग्ण. मरायच्या तासभर आधीसुद्धा श्वास अठरा. जो आकडा कधी बदलतच नाही, तो काय सांगणार? प्रमाणकाचा हाच निकाल मी प्रबंधात मांडला, आणि त्यावरूनच तार काढली. मलाही आधी खरं वाटेना. मग लिहिणाऱ्याचं नाव बघितलं आणि म्हटलं, आता शंका नको."

खालच्या कोपऱ्यात सही होती. प्र. गुल्हाने.

प्रणिता खुर्चीत बसली.

ईश्वरी उत्साहात पुढे सांगत होती. नोंदी वापरण्याआधी प्रमाणक त्या निवडून घेतो. प्रत्येक नर्सच्या आकड्यांची इतरांच्या आकड्यांशी तुलना करतो, आणि जिचे फार वेगळे, तिला अविश्वसनीय ठरवून बाजूला काढतो. "तुमचंच बघा मॅडम. दोन हजार दहा ते सतरा, विश्वास शंभरात नव्याण्णव! पण त्यानंतर…" ती अडखळली. "सतरानंतर एकदम एक्केचाळीस. सतरा, तेवीस, एकतीस, काहीही आकडे. मला वाटलं, तेव्हा घरी काही अडचण असेल तुमची. म्हणून मी विचारलं नाही."

आता प्रणिताला हसू आलं, आणि ते हसू तिला स्वतःलाच ऐकवेना. गहू निवडायला बसवलेल्या यंत्राने सगळे खडे डब्यात भरले होते आणि गहू उकिरड्यावर टाकला होता. डब्यातले निवडक खडे तिचे होते.

"ईश्वरी, दार लाव," ती म्हणाली. "ते अठरा खोटे आहेत. माझे आहेत आणि खोटे आहेत."

ईश्वरीला आधी कळलंच नाही.

"साठ रुग्ण आणि आम्ही दोघी. इंजेक्शनं द्यायची, सलाइन बदलायचं, नातेवाइकांच्या शिव्या खायच्या. साठ जणांचे श्वास मोजायला एक तास लागतो, तो कुठून आणायचा? पहिल्याच आठवड्यात मोठ्या सिस्टरनी सांगितलं, 'श्वास काय मोजत बसतेस, अठरा लिही. मधूनमधून वीस, म्हणजे खरं वाटतं.' मी लिहिलं. सगळ्यांनी लिहिलं. गावोगावी लिहिलं. तो रकाना बघत कुणीच नव्हतं गं. पंचवीस-तीस वर्षांनी एखादं यंत्र बसून तो वाचेल आणि खरा मानेल, हे कुणाच्या डोक्यात येणार होतं?"

"आणि सतरा साली?"

हे सांगायची वेळ कधी येईल असं प्रणिताला वाटलं नव्हतं. घरच्यांनाही तिने सांगितलं नव्हतं.

"चौदा नंबरला बाळंतीण होती. चोवीस वर्षांची, नाव रुक्मा. तिचा नवरा दुपारी आला, म्हणाला, 'सिस्टर, हिले लय धाप लागून राहिली.' मी कामात होते. तक्ता उचलला, बघितला, म्हटलं, 'अठरा आहे, नॉर्मल आहे.' त्या माणसाने माझ्यावर विश्वास ठेवला आणि चहा प्यायला गेला. तो अठरा दोन वाजता मीच लिहिला होता, तिच्याकडे न बघता. साडेपाचला ती गेली." प्रणिताने डोळे पुसले नाहीत. "दुसऱ्या दिवसापासून मी मोजते. एकही चुकवलेला नाही."

ईश्वरीने पडद्यावरच्या सहीवर बोट ठेवलं.

"मला वर्गाबाहेर काढलंत तुम्ही," ती म्हणाली. "अर्धा मिनिट मोजलं म्हणून. सगळ्यांसमोर. तेव्हा हे सांगायला काय झालं होतं?"

"लाज वाटली."

"मी तुमच्या सहीवर प्रबंध उभा केला, मॅडम. इतर कुणाची असती तर तपासली असती." तिने पडदा बंद केला आणि नमस्कारही न करता निघून गेली. प्रणिता त्या बंद पडद्यासमोर बसून राहिली. बारा वर्षांत ईश्वरीने तिला पाठ दाखवण्याची ही पहिलीच वेळ होती.

तोंड बंद ठेवलं असतं तर? दीड वर्षाने निवृत्ती, सत्कार, शाल, नारळ. पण तार बिल्ल्यात परत यायची तर ते अकरा लाख अठरा खोटे ठरायला हवेत, आणि ते खोटे आहेत हे लिहिणाऱ्याशिवाय कोण सांगणार? प्रणिताने दोन दिवस घरात भांडी आपटली आणि तिसऱ्या दिवशी देविदासरावांच्या प्रकरणाच्या चौकशी समितीपुढे उभी राहिली.

अधीक्षक डॉक्टर लांडे सज्जन गृहस्थ, पण त्यांना प्रत्येक गोष्टीचा नमुना अर्ज लागायचा. प्रणिताने सगळं सांगितल्यावर ते चष्मा पुसत म्हणाले, "सिस्टर, याला 'लेखनातील त्रुटी' म्हणू या का?"

"त्रुटी नाही सर. खोटं लिहिलं."

"अर्जात तसा पर्यायच नाही हो. नजरचूक आहे, साधनातील बिघाड आहे, शाई फिकट होणे आहे."

"मग 'इतर' असेल ना?"

'इतर' होतं. त्यापुढे अडीच इंचाची जागा होती. प्रणिताने तिथे बारीक अक्षरात दवाखान्याचं नाव, वॉर्ड, साल, चौदा नंबरची खाट, रुक्माचं नाव, सगळं लिहिलं, आणि जागा पुरली नाही म्हणून उरलेलं पाठीमागे लिहिलं. खाली तीच सही केली. लांडे साहेबांनी जड हाताने तिचं वॉर्डाचं इनचार्जपद त्याच दिवशी काढून घेतलं आणि खात्याची चौकशी लावली. मग अर्ज प्रमाणकाला दाखवला. सासूबाईंनी तो सेकंदात वाचला.

"एका व्यक्तीची साक्ष. आधार अपुरा."

प्रणिताला आता रागही येईना. कोपऱ्यात ईश्वरी बसली होती. तीन दिवस बोलली नव्हती, तिकडे बघतही नव्हती. ती एकदम म्हणाली, "सर, हे तपासता येईल. पूर्ण मिनिट मोजलं तर सतरा, एकोणीस, एकवीस असे विषम आकडे सम आकड्यांइतकेच यायला हवेत. छातीला सम-विषम कळत नाही. जुन्या अकरा लाखांत मी काल मोजले. विषम आकडे शंभरात दोनसुद्धा नाहीत." ती थांबली. "प्रमाणकाने टाकून दिलेल्या नोंदींमध्ये, म्हणजे मॅडमच्या सतरानंतरच्या नोंदींमध्ये, शंभरात एकोणपन्नास आहेत."

लांडे साहेबांनी चष्मा लावला. "मग हे आधी का नाही बघितलं?"

"विश्वास ठेवला म्हणून," ईश्वरी म्हणाली. "माझी चूक. प्रबंध मागे घेत असल्याचं मी विद्यापीठाला सकाळीच कळवलंय."

बाहेर आल्यावर तिने प्रणिताच्या फोनवर सात रकान्यांची एक प्रश्नावली पाठवली आणि कोरडेपणाने म्हणाली, "आकडे संशय दाखवतात, कारण दाखवत नाहीत. आणखी साक्षी लागतील. तुमच्या बॅचच्या मुलींना विचारा."

"मुली? अगं, आज्या झाल्या सगळ्या. अन् सात रकाने? जीव घेशील का माझा?"

पण तिने विचारलं. बॅचच्या ग्रुपवर एरवी सुविचार आणि नातवंडांचे फोटो यायचे. प्रणिताने स्वतःचं सगळं लिहिलं, खाली प्रश्नावली टाकली. दिवसभर कुणी काही बोललं नाही. एकीने लिहिलं, 'आता कशाला उकरून काढतेस? आमची पेन्शन चालू आहे.' दुसरी सरळ ग्रुप सोडून गेली. प्रणिताने फोन गादीवर फेकला. आपणच एकट्या मूर्ख, असं तिने स्वतःला मोठ्याने सुनावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडला असणाऱ्या शैलाचा निरोप आला. 'मेडिकल वॉर्ड. २०११ ते १६. पन्नास रुग्ण. मोजले नाहीत. अठरा.' तासाभराने वर्ध्याहून, 'सर्जिकल. मोजले नाहीत. वीस.' मग धुळे, मग परभणी. 'अठरा.' 'अठरा, कधी वीस.' 'अठरा. एक मुलगा गेला होता, त्याचं नाव आठवत नाही, चेहरा आठवतो.' ग्रुप सोडून गेलेली बाई परत आली आणि तिनेही एकच शब्द लिहिला. संध्याकाळपर्यंत एकाखाली एक त्रेचाळीस जणींचे आकडे जमले. जुन्या तक्त्यातल्या रकान्यासारखाच तो रकाना दिसत होता, फक्त आता तो खरा होता. प्रणिता स्वयंपाकघरात उभी राहून हुंदके देऊन रडली.

ईश्वरीने प्रमाणकाला नव्याने नोंदी दिल्या. खोट्या काढल्या, टाकून दिलेल्या परत घेतल्या. निकाल आठवड्याने आला. बिल्ला लाल होण्याआधी सरासरी अकरा तास श्वासाचा आकडा चढायला लागतो. बिल्ल्यात तार परत बसवायची की नाही, यावर वरच्या पातळीवर समिती नेमली गेली. समितीचा अहवाल सहा महिन्यांनी येणार होता. "तोवर काय लोकांनी श्वास घ्यायचे थांबवायचे?" प्रणिता म्हणाली. तिला आता वॉर्डात साध्या नर्सचं काम होतं आणि चौकशीची पुढची तारीख पंधरा दिवसांवर होती.

त्याच दुपारी देविदासराव अतिदक्षतेतून नऊ नंबरवर परत आले. अर्धे झाले होते, पण डोळे तेच. प्रणिता त्यांच्याकडे निघाली तेव्हा ईश्वरी दारात उभी होती. तिच्या गणवेशावर पिनेने अडकवलेलं घड्याळ होतं, शिकताना घेतलेलं.

"मी मोजू?" तिने विचारलं. पुढे मॅडम म्हटलं नाही, पण विचारलं.

प्रणिता बाजूला झाली. ईश्वरी स्टुलावर बसली, हात नाडीवर ठेवला, डोळे छातीवर. खिशातली सासूबाई बोलली, "श्वास मोजणे. आधार तपासणी चालू." दोघींनी लक्ष दिलं नाही.

"एकोणीस," ईश्वरी म्हणाली.

"काटा अजून दहावर आहे."

"मॅडम, दहाच सेकंद राहिलेत."

"पूर्ण मिनिट. पुन्हा मोज."

ईश्वरीने तिच्याकडे बघितलं. वर्गाबाहेर काढलेली पोर क्षणभर तिथे बसलेली दिसली. मग तिने घड्याळ हातात धरलं आणि काटा बारावर येण्याची वाट बघायला लागली.

"मोज पोरी, निवांत मोज," देविदासराव उशीवरून म्हणाले. "म्या अजून घंटी नाई मारली."